१८,००० कूलोम का खोडले?

बारावीचं वर्ष सुरू झालं की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते: “फिजिक्स समजतं, पण युनिट बदलताना डोकं बंद पडतं.” घरचे याला निष्काळजीपणा म्हणतात. मला ते क्वचितच पटतं.

नीटची तयारी करणारी एक मुलगी अशीच आईबरोबर आली. विद्युतप्रभाराच्या गणितांत मार्क जायचे. मायक्रो, नॅनो, पिको, म्हणजे दहाचा उणे सहा, उणे नऊ, उणे बारा घात, सगळं तोंडपाठ. मग तिची रफ वही मागवली. त्यात बरोबर आलेली उत्तरंही खोडलेली!

मी तिला मोबाइलच्या बॅटरीवरचे ५००० मिलिअँपिअर-अवर कूलोममध्ये, म्हणजे विद्युतप्रभाराच्या एककात, करायला सांगितले. ५ अँपिअर गुणिले ३६०० सेकंद, उत्तर १८,०००. लिहिलं, आणि लगेच काट मारली.

“का गं?”

“एवढं मोठं कसं असेल, मॅडम? गणितात तर मायक्रोकूलोम असतात. माझंच चुकलं असणार.”

शेवटचं वाक्य मी तिला कागदावर लिहायला लावलं. “याला पुरावा काय?”

ती बराच वेळ गप्प. मग स्वतःशीच बोलावं तशी सुरू झाली. एकेक कूलोमचे दोन प्रभार मीटरभर अंतरावर ठेवले, तर बल नऊ अब्ज न्यूटन. म्हणून गणितातल्या गोळ्यांवर मायक्रोच. “पण बॅटरीत प्रभार साचत नाही ना! एका टोकातून जेवढा बाहेर जातो, तेवढाच दुसऱ्या टोकातून आत येतो. म्हणजे १८,००० बरोबर आहे!”

फिजिक्स तिचं पक्कंच होतं. अडत होतं ते ‘माझंच चुकणार’ या समजुतीपाशी. त्रासामागच्या अविवेकी समजुती तपासायला लावणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी भिस्त आहे, त्यामुळे मी आधी अशी वाक्यं शोधते. नुसते दीर्घ श्वास घ्यायला सांगून तिला घरी पाठवलं असतं, तर ही काट दिसलीच नसती.

आता इतरांसाठी. आकडेमोडीआधी ठरवा, आकडा वाढणार की घटणार? एकक लहान होत असेल तर आकडा वाढतो, किलोचे ग्रॅम करताना वाढतो तसाच. घाताचं चिन्ह चुकलं तर तिथेच कळतं. दोन प्रभारांमधलं बल काढायच्या कूलोमच्या नियमात दोन मायक्रोकूलोम गुणले की घात उणे बारा होतो. मुलं उणे सहावरच थांबतात. आणि उत्तर खोडायचं तर शेजारी कारण लिहा. कारण सुचत नसेल तर खोडू नका.

पालकांनी “किती चुकलं?” विचारण्याऐवजी एकदा रफ वही उघडून “हे का खोडलंस?” एवढंच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नये.