मामाच्या कपाटातली एलपी

प्रश्न: मामाच्या कपाटात ‘द सर्व्हायव्हर्स’ नावाची एलपी (गाण्यांची मोठी तबकडी) सापडली, त्यावर अमेरिकन गायक जॉनी कॅश, जेरी ली लुईस, कार्ल पर्किन्स. हे तिघं एकत्र कसे काय?

उत्तर: अहो, जपून ठेवा ती! २३ एप्रिल १९८१, जर्मनीत श्टुटगार्टजवळ कॅशचा कार्यक्रम होता, बाकी दोघं युरोपातच दौऱ्यावर, त्या दिवशी मोकळे होते म्हणून आले आणि स्टेजवरच चढले. तिघंही अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीचे, १९५६च्या डिसेंबरात गायक एल्व्हिस प्रेस्लीसोबत तिथेच जमलेले, एल्व्हिस १९७७ला गेला, हे तिघं मागे उरले, म्हणून ‘सर्व्हायव्हर्स’ हे नाव. पर्किन्स ‘ब्लू स्वेड शूज’ गातो ते आधी ऐका, त्याने स्वतः लिहिलेलं गाणं आहे ते, आणि लुईसचा पियानो सुरू झाला की आवाज वाढवाच, मला तर दरवेळी काटा येतो.