पिशव्या नेल्या, त्यात काय निघालं?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या संवर्धन केंद्रात समन्वयक म्हणून रुजू झालीस, पेढेही पोचले. त्या खुर्चीत मी अकरा वर्षं काढली. खुर्चीत कमी आणि जीपमध्ये जास्त, त्यामुळे चार गोष्टी सांगायचा हक्क आहे असं धरून चालते. नियम, रजा, प्रवासभत्ता हे सगळं तुला आस्थापना विभाग सांगेल. तिथे कोणी सांगणार नाही ते लिहिते.

आधी माळाबद्दल. बाहेरून आलेला पाहुणा सोलापूरच्या माळावर उतरतो, गॉगल वर करतो आणि म्हणतो, "पण इथे तर काहीच नाही!" त्याला हसू नकोस. आपले कागदही तेच म्हणतात. सातबाऱ्यावर कुठे 'पड', कुठे 'पोटखराब'. केंद्र सरकारच्या वेस्टलँड अॅटलासमध्ये असले कितीतरी माळ पडीक म्हणून रंगवलेले आहेत. त्या 'काहीच नाही'त पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं, गवतात धाविक आणि चंडोल हे पक्षी, पलीकडे काळवीट, खोकड, लांडगा. पहिल्या फेरीत तुला यातलं फक्त कुसळ भेटेल, तेही मोज्यातून आत शिरलेलं. खाली बसून एकेक उपटत राहा. गवताची तोंडओळख अशीच होते.

जंगल म्हणजे झाडी, हा समज मोडायला मला पगारी माणूस असूनही फार वेळ लागला. माळढोकाची मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्या पक्ष्याला चहूकडे लांबवर दिसायला लागतं. अशा जागी झाडं लावली की हिरवं दिसतं आणि माळ संपतो. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकाच्या अभयारण्यातच ग्लिरिसिडिया लावला गेला होता. आपले शेतकरी त्याला गिरिपुष्प म्हणतात. बांधावर तो उत्तम, पण माळावर त्याचं काय काम? हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही एका जुलैत विद्यार्थ्यांच्या श्रमदान शिबिरासाठी 'मोकळी जागा' मागायला लोक आले, तेव्हा मी गप्प बसले. पाहुणे ठरले होते, बॅनर छापून झाले होते, आणि वृक्षारोपणाला नाही म्हणणारी संवर्धन केंद्राची बाई कशी दिसली असती, असं मनात आलं. चांगल्या पवन्याच्या पट्ट्यात दोनशे खड्डे पडले. रोपं उन्हाळ्यात वाळून गेली. खड्डे मात्र पुढची कितीतरी वर्षं मला दिसत राहिले. तुझ्याकडेही लोक येतील, जूनच्या आधीच येतील. त्यांना विहिरीचा काठ दाखव, शाळेचं आवार दाखव, रस्त्याची कड दाखव, पण माळ देऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या प्रकल्पात लांडग्याच्या खाण्याचा अभ्यास होता. विष्ठा गोळा करायची, वाळवायची, धुवायची, त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून प्राणी ओळखायचा. मेंढीचा केस वेगळा, काळविटाचा वेगळा, सशाचा वेगळा. हे काम फिरत्या धनगरांच्या मदतीशिवाय होत नाही, कारण लांडगा कुठून आला आणि कुठे गेला हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. एक म्हातारबाबा तर स्वतः पुढे होऊन काठीने जागा दाखवायचे. आमच्या मुलांनी दोन हंगाम पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, नेल्या. अहवाल इंग्रजीत झाला, छान बांधून घेतला, निधी देणाऱ्यांना गेला.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात बाबांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, पुन्हा त्याच माळावर. मी दुसऱ्याच कामाला गेले होते. त्यांनी घोंगडी टाकून बसवलं, बिनदुधाचा चहा दिला आणि विचारलं, "म्याडम, ती घाण पिशव्यात भरून नेली, त्यात काय निघालं?"

मी अडखळले. निघाले होते बरेचसे मेंढ्यांचे केस. हे त्यांना सांगितलं तर उद्या लांडग्याच्या बिळात धूर करतील की काय, अशी भीती. मी इकडचं तिकडचं बोलायला लागले, अन्नसाखळी वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेंढरं खातंय ते मला ठावं हाय. माझीच खातंय. तुमाला कळलं का, एवढं इचारत हुतो."

त्या दिवशी मी परतले ती गाडीत एक शब्द न बोलता. दोन वर्षं आम्ही त्यांच्याकडून घेत होतो आणि त्यांना आमची काळजी होती, पोरांची मेहनत फुकट तर नाही ना गेली! पुढच्या खेपेला काचपट्ट्या आणि एक साधा सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. बाबांनी एक डोळा मिटून मेंढीचा केस पाहिला, मग सुनेला बोलावलं, मग नातवाला. काळविटाचा केस पाहून नातू म्हणाला, "हे तर नळीगत हाय." आमच्या एम.एस्सी.च्या मुलांना ते सांगायला चार ओळी लागल्या होत्या.

म्हणून सांगते, समन्वयक म्हणजे पत्रं पुढे ढकलणारा माणूस, असं तुला पहिल्या महिन्यात वाटेल. वनस्पतिशास्त्राचे लोक प्राणिशास्त्राच्या लोकांशी बोलत नाहीत, अर्थशास्त्र विभागाला आपण कोण ते माहीत नाही, अभयारण्यात शिरायचं तर वन्यजीव कायद्याखालची परवानगी नागपूरहून यायची. हे सगळं करावं लागेलच. पण ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला ती परत पोचवणं, हे काम तू केलं नाहीस तर केंद्रात दुसरं कोणी करणार नाही. संशोधकाला पेपर हवा असतो, विद्यार्थ्याला पदवी, वनखात्याला अहवाल. बाबांना काय निघालं ते हवं असतं.

ते न सांगता काम केलं की काय होतं, हे माळढोकाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं, जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, लोकांची खासगी शेती आली. हेतू चांगलाच होता. पण मला भेटलेल्या कितीतरी लोकांना आपण अभयारण्यात राहतो हे कळलं ते जमिनीचं खरेदीखत अडलं तेव्हा. पक्षी न पाहिलेली माणसं पक्ष्याला शिव्या द्यायला लागली. पुढे २०१२च्या सुमारास क्षेत्र कमी करून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर उजनीचं पाणी, ऊस, विजेच्या तारा, सगळंच माळात शिरलं होतं. माळढोक अंगाने जड, समोरचं नीट न दिसणारा, तारेपुढे त्याला वळता येत नाही. आज नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

नकाशावर कमी आणि बांधावर जास्त बोललं गेलं असतं तर तो वाचला असता का? सांगता येत नाही. उसाला आवर घालणं काही आपल्या केंद्राच्या हातात नव्हतं. पण निदान शिव्या खाऊन गेला नसता.

पैशाचं थोडक्यात. अनुदान मार्चमध्ये येतं आणि ३१ तारखेच्या आत खर्च करा म्हणतात. माळ जागा होतो जुलैत. तेव्हा तिजोरी रिकामी आणि ऑक्टोबरला सेमिस्टर परीक्षा. यावर माझ्याकडे तोडगा नाही. मी गाडीचं डिझेल दोनदा पदरचं घातलं, तू घालू नकोस, वित्त अधिकाऱ्यांना एकदा पावसात माळावर घेऊन जा. आमचे एक साहेब आले होते. बूट चिखलात रुतले, पण पुढच्या वर्षीची फाइल पंधरा दिवसांत सुटली.

आणखी एक. मेंढरू लांडग्याने मारलं की भरपाई मिळते, पण पंचनामा व्हायला हवा आणि मेलेलं जनावर जागेवर ठेवायला हवं. उद्या सकाळी वाडा दहा मैल पुढे जाणार असतो. तो धनगर वनरक्षकाची वाट बघत कुठे बसणार? अर्ज कसा करायचा याचं मराठीतलं एक पान छापून घे, त्यावर मोठ्या अक्षरात वनखात्याचा फोन नंबर टाक. आपल्या सगळ्या प्रकाशनांत तेच सर्वांत जास्त वाचलं जाईल.

माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आहे. खालच्या खणात निळी वही सापडेल. कोणाचा वाडा कोणत्या महिन्यात कुठे असतो ते त्यात लिहिलंय. काही नावांपुढे लाल फुली आहे. त्यांच्याकडून आम्ही काही ना काही नेलं होतं आणि त्यांना काय निघालं ते सांगायचं राहिलंय. एकूण सतरा आहेत. पाऊस पडला की पहिल्या नावापासून सुरुवात कर.

तुझी,
मॅडम