तीनदा गोटा करायचा का?

*ताई, माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा डोकं केसांनी भरलेलं होतं. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले, मागच्या बाजूला तर चक्क पट्टा पडला. आता आलेत ते विरळ आणि भुरे. सासूबाईंचं म्हणणं, गोटा करा, आणि एकदा नाही, तीनदा. गवत कापलं की कसं जोमानं येतं, तसे केस येतील. मोठ्या जाऊबाईंच्या मुलाचा दोनदा केला होता, त्याचे केस आता काळेभोर आहेत. नवरा म्हणतो, "करून टाकू, बिघडतं काय?" मला वस्तऱ्याची भीती वाटते, तिची टाळू अजून भरलेली नाही. पण नाही म्हटलं आणि उद्या तिचे केस विरळच राहिले, तर जन्मभर बोल मलाच लागणार. काय करू? (माझेही केस मूठमूठ गळतायत, पण ते असू दे.)*

अगं, नाही होत केस दाट. एकदा गोटा कर, तीनदा कर, नाहीतर अजिबात करू नकोस. तिला जसे केस यायचे आहेत तसेच येणार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

केस वाढतो तो कातडीच्या आत, काही मिलिमीटर खोल असलेल्या मुळाशी. ही मुळं बाळ पोटात असतानाच तयार होतात, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत. डोक्यावर सुमारे १ लाख मुळं घेऊन बाळ जन्माला येतं आणि नंतर त्यात भर पडत नाही. केस जाड की बारीक, सरळ की कुरळा, किती लांब वाढून गळणार, हे सगळं तिथे ठरतं. वस्तरा तिथवर पोचतच नाही. तो कापतो तो बाहेर आलेला भाग, आणि त्यात जीव नसतो. वर काय कापलं गेलं याची मुळाला खबरही लागत नाही.

सासूबाईंचा गवताचा दाखला ऐकायला बिनतोड आहे, म्हणून तर तो पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. पण गवत जिवंत असतं, शेंडा छाटला की बुडाशी नवे फुटवे येतात. केसाला फुटवा नाही. कापला म्हणून एकाचे दोन होत नाहीत.

मग गोटा केल्यावर केस दाट आणि राठ का वाटतात? वाटतात, हे अगदी खरं आहे. तुझ्या मुलीचा एक केस उजेडात धरून बघ. कधीच कापलेला नाही, त्यामुळे टोकाकडे निमुळता होत जातो, टोक तर दिसतही नाही. वस्तऱ्याने तो बुडाशी, म्हणजे जाड भागात कापला जातो. मग वर येतो तो बोथट टोकाचा खुंट, आणि सगळे खुंट एकाच उंचीचे. हात फिरवला की टोचतात, आणि बघणारा म्हणतो, "बघा, कसे भरून आले!" भुरेपणाचंही तसंच. जुनी टोकं उन्हापाण्याने फिकी पडलेली असतात, ती गेली की खालचा ताजा केस गडद दिसतो.

जाऊबाईंच्या मुलाचा पुरावा खोटा नाही, अपुरा आहे. पहिल्या दोनेक वर्षांत बाळाचे केस आपोआपच जाड आणि गडद होत जातात. गोटा नेमका याच काळात होतो, आणि श्रेय वस्तरा घेऊन जातो. त्या मुलाच्या अर्ध्याच डोक्याचा गोटा केला असता आणि अर्धं तसंच ठेवलं असतं, तर मी पुरावा मानला असता. हसू नकोस, याच धर्तीचा प्रयोग झालेला आहे. १९७० साली अमेरिकेत पाच तरुणांचा एकेक पाय दर आठवड्याला, असे कित्येक महिने भादरला आणि दुसरा तसाच सोडला. केसांची जाडी, वाढीचा वेग, कशातच फरक पडला नाही. त्याआधी १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून तेच सांगितलं होतं. माणसं मोजकीच होती, मोठी होती, हे मान्य. पण केसाचं मूळ बाळाचं असो की बाप्याचं, वस्तरा वरूनच जातो.

आता तो मागचा पट्टा. याची उगाच धास्ती घेतली आहेस. पोटात असताना बाळाचे पुढचे, वरचे बरेचसे केस एकदा गळून नवे यायला लागलेले असतात. डोक्याच्या मागच्या भागाची पाळी उशिरा येते. तिथले केस जन्माच्या सुमारास वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात. तू लिहिलंयस तिसरा महिना, म्हणजे अगदी वेळेवर. खापर फुटतं उताणं झोपण्यावर. घासण्याने थोडी भर पडत असेल, पण मूळ कारण ते नाही. तेव्हा केस वाचवण्यासाठी कुणी तिला पालथं झोपवायला सांगितलं तर मुळीच ऐकू नकोस. वर्षाच्या आतल्या बाळाने उताणंच झोपायचं.

नवऱ्याच्या "बिघडतं काय"चं उत्तर असं, की नीट केलं तर काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. म्हणजे हा केसांचा प्रश्नच उरत नाही. घरात सगळ्यांना करावंसं वाटत असेल तर करा, तुला मनातून नको असेल तर करू नका. कुठल्याच बाजूने मुलीचं नुकसान नाही. यावर सासूबाईंशी वाद घालून जिंकण्यासारखंही काही नाही. फक्त "तीनदा" मात्र मी तुझ्या जागी असते तर ऐकून घेतलं नसतं. ज्याचा उपयोग नाही ते पुन्हा पुन्हा करायचं आणि दरवेळी कापण्याची जोखीम घ्यायची, याला काय अर्थ आहे?

केलंच, तर वस्तऱ्याऐवजी केस कापायचं मशीन वापरा, त्याला कंगव्यासारखी टोपी लावून. अर्धा सेंटिमीटर केस राहिले तरी काम झालं. वस्तराच हवा असा हट्ट असेल तर पातं नवं कोरं, तुझ्या डोळ्यांसमोर कागदातून काढलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याच्या रक्ताला लागलेल्या पात्यातून कावीळ-बीसारखे आजार येऊ शकतात, इथे भीड नको. टाळूची भीती थोडी कमी कर. पुढची टाळू साधारण बारा ते अठरा महिन्यांत भरते, आणि तोवर कातडीखाली चिवट पडदा असतोच. धोका टाळूपेक्षा बाळाच्या अचानक मान फिरवण्याचा जास्त. पोट भरलेलं, झोप झालेली, डोकं एकाने दोन्ही हातांनी धरलेलं, आणि रडायला लागली की थांबायचं, मग अर्धंच झालेलं असलं तरी चालेल. डोक्यावर पुरळ, जखम किंवा पिवळट तेलकट खपल्या असतील तर त्या जाईपर्यंत काहीच करू नका. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, काहीबाही चोळायचं नाही, आणि उन्हात नेताना टोपी घालायची.

"बोल मलाच लागणार" हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुझा खरा प्रश्न केसांचा नाहीच, हा आहे. यावर एक काम कर. सासूबाईंकडून नवऱ्याचे वर्ष-दीड वर्षाचे फोटो मागून घे, तुझ्या आईकडून तुझे माग, आणि सगळ्यांनी एकत्र बसून बघा. दोघांपैकी एकाचं डोकं तरी उघडं निघेल अशी माझी अटकळ आहे. केस आई-बाप दोघांकडून येतात, एकट्या सुनेकडून नाही. आणि तीनदा करायचं नाही हे नवऱ्याने त्याच्या आईला सांगायचं, तू नाही. "आई, तुझ्या हौसेसाठी एकदा करू, मशीनने करू, पुन्हा नाही," एवढं त्याला जमायला हरकत नाही. पुढे केस दाट आलेच तर श्रेय सासूबाई घेतील. घेऊ देत, तुझं काय जातंय?

डॉक्टरांना दाखवायचं ते वेगळ्या कारणांसाठी. गोल चट्टा पडून तिथे कोंडा सुटतोय, केस मध्येच तुटतायत, एखादी जागा एकदम गुळगुळीत झालीय, तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी न जाणारं पुरळ आहे, किंवा केसांबरोबर नखंही विचित्र दिसतायत आणि घाम येत नाही, यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. नुसते विरळ, भुरे केस घेऊन नऊ महिन्यांची मुलगी छान खेळतेय, तर तिला काही झालेलं नाही.

आता कंसातलं. ते असू दे नाही म्हणणार मी. गरोदरपणात जे केस एरवी रोज थोडे थोडे गळायचे ते डोक्यावरच थांबतात, आणि बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांत त्या सगळ्यांचा हिशेब एकदम चुकता होतो. म्हणजे मायलेकींचे केस जवळपास एकाच सुमाराला गळायला लागले असणार. बहुतेकींचं हे वर्षभरात आपसूक थांबतं. पण नवव्या महिन्यातही मूठमूठ हातात येत असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासून घे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं अजिबात दुर्मिळ नाही, आणि थकवा, छातीत धडधड, उगाच रडू येणं हे सगळं "बाळामुळे झोप होत नाही" या खात्यात जमा होत राहतं. तुला यातलं काही होतंय का, हे तू लिहिलेलं नाहीस. मुलीच्या केसांबद्दल पानभर लिहिलंस आणि स्वतःबद्दल कंसात एक ओळ, म्हणून विचारतेय. या आठवड्यात रक्त देऊन ये, आणि रिपोर्ट आले की मला कळव.

— तुझी ताई