सेल्फ-अप्रेजलचा कोरा रकाना

चर्चच्या मंडळीतली नोकरी करणारी, तिशी-चाळिशीतली माणसं एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. ‘ताई, रविवारी उपासनेत ऐकतो की लीन व्हा, सगळं देवावर सोपवा. सोमवारी ऑफिसात स्वतःचा ढोल स्वतः वाजवल्याशिवाय कुणी ढुंकून बघत नाही. मग आम्ही करायचं काय?’ अडचण ऑफिसची आहे, असं विचारणारा धरूनच चालतो. बऱ्याचदा ती दुसरीकडेच असते. सतीशचं उदाहरण त्यासाठी देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सतीश बेचाळिशीचा, मूळचा नगर जिल्ह्यातला, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. हिंजवडीत एका आयटी कंपनीत टीम लीड. तो माझ्याकडे आला तो छातीतली धडधड, हाताला मुंग्या आणि रात्री तीनला येणारी जाग घेऊन. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड वगैरे तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि समुपदेशनाला पाठवलं. हा क्रम मुद्दाम लिहिते आहे. धडधडीसाठी आधी डॉक्टर, मग मी. ‘विश्वास असला की औषध लागत नाही’ असं सांगणारे आपल्या मंडळ्यांत अजून भेटतात. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, आणि त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता, हे त्यांना कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

दुसऱ्या भेटीला त्याची बायको बरोबर आली. थोडा वेळ गप्प बसून मग म्हणाली, “यांना विचारा ना, अप्रेजलच्या फॉर्मात काय लिहितात ते.”

सतीश दर वर्षी सेल्फ-अप्रेजलमध्ये, म्हणजे आपल्या कामाचा आढावा आपणच लिहायच्या फॉर्मात, ‘तुमचे योगदान’ या रकान्यात एकच ओळ लिहायचा: सगळं श्रेय टीमचं. बाकी रकाना कोरा. मी कारण विचारलं, तर त्याने लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातलं वचन सांगितलं, ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत.’

“ते दास हे कुणापुढे म्हणतात?”

“धन्यापुढे.”

“आणि कधी?”

“सगळं काम झाल्यावर.” तो हसला. “एचआरच्या फॉर्मात नाही म्हणत, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

तेही होतंच, पण मला दुसरं काही विचारायचं होतं. “रकाना कोरा दिल्यावर मॅनेजरनं काय करावं, असं वाटत असतं तुम्हाला?”

बराच वेळ गेला. मग म्हणाला, “त्यांना दिसायला पाहिजे ना, मॅडम.”

इथे खरी गाठ सापडली. रकाना कोरा होता, पण त्यामागे अपेक्षा होती: मी सांगणार नाही, तुम्ही ओळखायचं. तशीच देवाकडूनही. ‘देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा, म्हणजे तो योग्य वेळी तुम्हांला उंच करील’ हे प्रेषित पेत्राचं वचन त्याने मनात कराराच्या कलमासारखं धरून ठेवलं होतं. आपल्या बाजूची अट पाळून झाली, आता देवाने त्याची पाळावी. एप्रिलमध्ये प्रमोशनच्या यादीत दुसऱ्याचं नाव आलं की मॅनेजरचा राग यायचा, आणि देवाचाही. मॅनेजरवरच्या रागाबद्दल तो घरी बोलायचा. देवावरच्या रागाबद्दल बोलणं विश्वासणाऱ्याला शोभत नाही, म्हणून तो आतच राहायचा. रात्री तीनच्या धडधडीचं सगळं खापर मी यावर फोडणार नाही. रात्रीची डिप्लॉयमेंट (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करणं), फ्लॅटचा हप्ता आणि दिवसाचे सहा-सात कप चहा यांचाही त्यात वाटा होताच. पण राग होता, आणि त्याला तोंड नव्हतं.

मी त्याला स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ अशीच त्याची सुरुवात आहे. देवाशी इतकं उघड भांडणं पवित्र शास्त्रातच आहे म्हटल्यावर तो जरा सैल झाला.

दुसरी गोष्ट हळूहळू समोर आली. सतीश कुणालाच काम सोडत नसे. ज्युनिअर मुलांचा कोड स्वतः दुरुस्त करायचा, गुरुवारी रात्रीचं रिलीज स्वतः सांभाळायचा, सुट्टीत लॅपटॉप उघडायचा. याला तो सेवा म्हणायचा. मी जरा खोदल्यावर म्हणाला, “दुसऱ्याकडून नीट होत नाही हो.” माझं मत मी त्याला सरळ सांगितलं: सगळं देव करतो असं तोंडाने म्हणायचं, आणि आपण झोपलो तर सर्व्हर कोसळेल असं जगायचं, यात देवावरचं अवलंबन कुठे दिसत नाही. लीनता तर नाहीच.

त्याला मी बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचायला दिला. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे निवाडे करत बसलाय. सासरा इथ्रो बघतो आणि म्हणतो, हे तू करतोस ते ठीक नाही. तूही थकशील आणि हे लोकही. माणसं नेम, कामं वाटून दे. ज्याच्याशी परमेश्वर समोरासमोर बोलायचा तो मोशे सासऱ्याचं निमूटपणे ऐकतो. गणनेच्या पुस्तकात मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत नम्र म्हटलंय. ते वाचलं की मला मोशेची प्रार्थना नाही, हा सासरा-जावयाचा प्रसंग आठवतो. देवाची मदत तिथे सासऱ्याच्या तोंडून आली, आणि मोशेने ती देवाची म्हणूनच घेतली असणार.

यावर सतीशने पणजीचा दाखला काढला. पणजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, दुष्काळातून वाचलेली. “पंडिता रमाबाईंनी कुणापुढे हात पसरला? गुडघे टेकले आणि देवाने दिलं.” घराघरांत असंच सांगितलं जातं. रमाबाई प्रार्थनेवर जगल्या हे खरंच, पण अर्धंच. 1886 ते 1888 त्या अमेरिकेत होत्या, गावोगाव व्याख्यानं देत विधवांच्या शाळेसाठी मदत मागत होत्या. 1887 मध्ये बॉस्टनला त्यासाठी मंडळ उभं राहिलं, आणि त्या पाठबळावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, मुलींना कामं शिकवली. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते 1922 मध्ये त्या वारल्यानंतर, 1924 मध्ये तिथेच छापून झालं. गुडघे टेकणाऱ्या बाईने आपलं काम चार लोकांना उघड सांगितलं, आणि मदतही मागितली.

मग आम्ही फॉर्मवर आलो. घरून लिहून आणायला मी तीन रकाने दिले: मी केलेलं, इतरांनी केलेलं, आणि आमच्या कुणाच्याच हातात नसलेलं. साधी वाक्यं, विशेषणं नाहीत. पहिल्या खेपेला त्याने जवळजवळ सगळं दुसऱ्या रकान्यात टाकलं.

“पेमेंटचा बिघाड टीमने रात्री दोनला शोधला, असं लिहिलंय. रात्री दोनला जागं कोण होतं?”

“मी.”

“मग ‘मी’ लिहा. नाहीतर तुमची नोंद चुकीची आहे.”

तो अवघडला, तेव्हा पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन (1 करिंथ 15:10) काढून दिलं. पौल म्हणतो, मी जो आहे तो देवाच्या कृपेने आहे. इतर सगळ्यांपेक्षा मी जास्त श्रम केले. तरी मी नव्हे, तर माझ्याबरोबर असलेली देवाची कृपा. एका दमात तिन्ही. श्रम लपवत नाही, आणि कृपेचं देणंही बुडवत नाही.

तिसरा रकाना त्याला अनपेक्षितपणे आवडला. क्लायंटने करार वाढवला, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रिलीजच्या आठवड्यात आलं नाही, नवीन आलेली मुलगी हुशार निघाली. एरवी त्याची प्रार्थना ‘सर्व आशीर्वादांबद्दल आभार’ इतक्यावर संपायची. आता आभार मानायला यादी होती.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. सासरी मारहाण सोसणाऱ्या, ‘लीन राहा’ हे चर्चच्या पाळकांकडूनही ऐकलेल्या बाईला मी हे रकाने कधीच देत नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता, मग बाकी सगळं. ऑफिसात शिवीगाळ करणारा साहेब असेल तर तेही निमूट सोसणं कुठल्याही वचनात बसत नाही. सतीशचा मॅनेजर तसा नव्हता. त्याच्याकडे फक्त कोरा फॉर्म होता.

एप्रिलमध्ये प्रमोशन आलं नाही. भरलेल्या फॉर्ममुळे रेटिंग एक पायरी वर गेलं, बजेट मात्र संपलेलं. सतीशने ‘प्रभूची इच्छा’ म्हणून विषय बंद केला नाही. मॅनेजरला वेळ मागितली, पुढच्या वेळी नेमकं काय लागेल ते विचारलं आणि उत्तर ईमेलवर लिहून घेतलं. त्या संध्याकाळी देवाशी भांडलाही, असं बायकोने सांगितलं. गुरुवारचं रिलीज त्याने त्या हुशार मुलीला दिलं. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून एक सेटिंग राहून गेलं, शुक्रवारी सकाळी तिनेच ते दुरुस्त केलं. धडधड कमी झाली आहे, गेलेली नाही. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या तो अजून घेतो, आणि हल्ली प्रार्थना सभेत तेही सांगतो.