अपघाताचा क्लेम करायचाय, कोल्हापुरात वकील कसा बघायचा?

निपाणीजवळ टेम्पोनं धाकट्या भावाला उडवलं, पायात रॉड घातलाय, आणि दवाखान्यातच एकजण कार्ड देऊन '२५ टक्के द्या, बाकी सगळं मी बघतो' म्हणून गेला, त्याला केस द्यावी का असं विचारलंयस. नको देऊ भावा. दवाखान्यात हिंडून केस गोळा करणं आणि निकालावर टक्केवारी ठरवणं, दोन्ही बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. चालतं सगळीकडं हे खरंय, पण फी आधी ठरव आणि कागदावर लिहून घे.

अपघात कर्नाटकात झाला म्हणून तिकडं हेलपाटे मारायची गरज नाही. आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या कोर्टात, क्लेम टाकता येतो, आपल्यासाठी ते कसबा बावड्याचं कोर्ट. पण एफआयआर, पंचनामा सगळं कानडीत असणार, ते आणून भाषांतर करून घ्यावं लागतं, म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचार की निपाणीकडच्या केसेस आधी चालवल्यात का. नुसतं 'होऊन जाईल' म्हणाला तर चहा पिऊन उठ.

दुसरं म्हणजे तो भावाच्या कामाबद्दल काय विचारतो ते बघ. माझे चुलते शिरोलीत लेथवर होते, गुडघा गेला, सर्टिफिकेटवर अपंगत्व ३० टक्के आलं, आता लेथवर दिवसभर उभं राहायचं असतंय त्यामुळं काम सुटलंच. अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत असं सुप्रीम कोर्टानं २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय. चुलत्यांच्या वकिलांनी पगाराच्या स्लिपा मागितल्या, कंपनीचा माणूस साक्षीला आणला, डॉक्टरांनाही कोर्टात उभं केलं, म्हणून जमलं. नुसतं सर्टिफिकेट फाईलला लावून गप्प बसणारे वकील लई आहेत, आणि समोर इन्शुरन्स कंपनीचा वकील रोज हेच काम करतोय. पहिल्या भेटीतच 'वीस लाख काढून देतो' म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही, वय आणि उत्पन्नाचे कागद बघितल्याशिवाय आकडा निघतच नाही.

वकील शोधण्यात फार वेळ घालवू नको पण, १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. तिच्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेलाय, पण त्या भरवशावर बसू नको.

लोक अदालतीत तडजोड करायची का हे भावाला विचारूनच ठरवायचं, हे वकिलाला आधीच सांगून ठेव. बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे देताना सगळ्याची झेरॉक्स आपल्याकडं ठेव. आणि कोऱ्या चेकवर सही मागितली तर भावाला अजिबात करू देऊ नको, पैसे त्याच्याच खात्यावर आले पाहिजेत.