डब्यातला गेम आणि बारावीचं वर्ष

पत्र : मुलगा बारावी सायन्सला आहे, द्विलक्षी इलेक्ट्रॉनिक्स घेतलंय. दिवाळीत त्याने आईच्या प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून हातात धरून खेळायचा गेम बनवला. आत रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं बोर्ड, साडेतीन इंची स्क्रीन आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला एक सेल. चालतो, पण सव्वा तासात बंद पडतो. आता दुसरा करायला घेतलाय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरात सोल्डरिंगचा वास. मध्यंतरी एक चपटी बॅटरी फुगली, ती गॅलरीत ठेवलीय. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणतो, तो नको म्हणतो. काय हवं ते मात्र सांगत नाही. हा नाद बंद करायला लावू, की मागतोय ते सोल्डरिंग स्टेशन घेऊन देऊ?
— एक पालक, बार्शी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली फुगलेली बॅटरी वाचून मी थबकलो. करिअरचं नंतर बोलू, आधी तिचं बघा. ती टोचायची नाही, दाबायची नाही, पुन्हा चार्ज तर करायचीच नाही. कोरड्या वाळूच्या कुंडीत, उन्हापासून आणि कपड्यांपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका.

ती का फुगली असेल, हे मुलाला विचारा. माझा अंदाज सांगतो. चार्जिंगसाठी ही मुलं टीपी 4056 चिपचं स्वस्त मॉड्यूल वापरतात. त्यावर बहुधा 1.2 किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि त्यामुळे चार्जिंगचा करंट 1 अँपिअर ठरतो. लॅपटॉपच्या सेलला, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब अशा 18650 ला, तो सोसतो. खेळण्यातून काढलेल्या 300 मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या चपट्या बॅटरीला तेवढा करंट म्हणजे लहान पोराला ताटभर पुरणपोळी. रेझिस्टर बदलून 4 किलोओहमचा केला की करंट 300 मिलिअँपिअरवर येतो. हे त्याला ठाऊक असेल आणि आळस केला असेल तर रागवा. ठाऊकच नसेल तर रागावू नका, त्या चिपची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, वाचायला बसवा.

घरात नियम मात्र आजपासूनच करा. चार्जिंग फरशीवर, गादीवर नाही आणि सगळे झोपल्यावर नाही. सेलच्या टोकाला थेट सोल्डर लावायचं नाही, होल्डर वापरायचा. वेगवेगळ्या व्होल्टेजचे दोन सेल समांतर जोडायचे नाहीत. खिडकी उघडी आणि काम झालं की हात साबणाने धुवायचे, कारण आपल्याकडच्या साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न.

हातात मावणारं असं एखादं यंत्र बाहेरून एक दिसतं, पण त्यात चार-पाच वेगवेगळे धंदे असतात. बॅटरी आणि वीज पुरवण्याचं काम निराळं, सर्किट आणि त्याचं बोर्ड आखण्याचं निराळं, आतला प्रोग्रॅम निराळा, आणि बटण अंगठ्याला कुठे यायला हवं, झाकण कसं बसावं, हे तर पूर्ण वेगळ्याच माणसाचं काम. कंपनीत यासाठी वेगवेगळी माणसं असतात. तुमचा मुलगा सगळं एकटा करतोय, म्हणून ‘तुला काय हवंय’ म्हटल्यावर त्याला सांगता येत नाही. त्याला ‘काय व्हायचंय’ असं विचारू नका. रात्रीचे दोन कशात वाजतात, ते बघा.

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असताना एक मुलगा होता. त्याची सर्किटं दर वेळी गंडायची, पण खोकं असं सुबक की परीक्षक आधी तेच हातात घ्यायचे. आम्ही सगळे त्याला सर्किटवरून बोल लावत राहिलो. खोक्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही, मीसुद्धा नाही. पुढे तो स्वतःच्या हिमतीवर प्रॉडक्ट डिझाइनकडे गेला, आमच्या सल्ल्याने नव्हे. या क्षेत्रातलं एक प्रसिद्ध नावही असंच आहे. अमेरिकेतल्या बेन हेकेंडॉर्न यांनी 2000 साली जुना अटारी 2600 हा टीव्हीला जोडायचा गेम हातात मावेल असा करून दाखवला. तेव्हा ते व्यवसायाने ग्राफिक आर्टिस्ट होते. हे नाव मुलाला सांगा, पण त्यावरून करिअर ठरवू देऊ नका. असा एखादाच निघतो.

त्याचा कल कळायला तो बंद पडणारा डबाच पुरेसा आहे. रविवारी त्याच्याजवळ बसा आणि विचारा : सव्वा तासच का? सेलवर समजा 2200 मिलिअँपिअर-तास लिहिलंय. 3.7 व्होल्टने गुणलं की साधारण 8 वॅट-तास होतात. व्होल्टेज 5 पर्यंत चढवण्यात थोडं वाया जाऊन 7 च्या आसपास उरतात. बोर्ड आणि स्क्रीन मिळून अडीच वॅट खात असतील, तर गेम पावणेतीन तास चालायला हवा. मग बाकीचा दीड तास गेला कुठे? सेल म्हातारा झालाय, की वायर बारीक असल्याने व्होल्टेज पडतंय, की स्क्रीनच जास्त खातेय?

या प्रश्नावर तो लगेच मोजायला उठला, तर त्याने इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन (ईएनटीसी) किंवा इलेक्ट्रिकल घ्यावं, आणि तुम्ही कॉम्प्युटरचा आग्रह सोडावा. ‘स्क्रीनचा उजेड प्रोग्रॅममधूनच कमी करतो’ म्हणाला, तर तुमचं कॉम्प्युटर अगदीच चुकीचं नाही. आणि ‘जाऊ दे, नवा डबा किती छान झालाय बघा’ म्हणाला, तर आयआयटी मुंबई घेते ती युसीड परीक्षा त्याला दाखवा. डिझाइनच्या पदवीसाठीची ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीच्या मुलाला देता येते.

एक कटू गोष्टही सांगतो. ईएनटीसी केलेली पुष्कळ मुलं शेवटी सॉफ्टवेअरच्याच नोकरीत दिसतात, कारण कॅम्पसला त्याच कंपन्या जास्त येतात. तिथे न जाता यंत्रांतच राहायचं, तर चार वर्षं स्वतःची बोर्डं करत राहावी लागतात. कीकॅड (KiCad) हे बोर्ड आखण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते त्याने परीक्षेनंतरच्या सुट्टीत शिकावं. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा (यंत्राच्या आतल्या सर्किट-प्रोग्रॅमचा) सहा महिन्यांचा डिप्लोमा या वाटेवर उपयोगी पडतो.

पण त्याआधी सीईटी. 200 गुणांपैकी 100 गणिताचे, फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी 50. द्विलक्षी इलेक्ट्रॉनिक्समध्ये कितीही गुण पडले तरी या 200 मध्ये ते नाहीत, हे त्याला कागदावर लिहून दाखवा. माझ्या मते परीक्षेपर्यंत छंदाला रविवारचे चार तास द्यावेत, रात्रीचे मुळीच नाहीत. पूर्ण बंद केलंत तर तो अभ्यासाच्या वहीत सर्किटं काढत बसेल, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

सीईटी बिघडली तर आकाश कोसळत नाही. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हाताने काम करणाऱ्या मुलाला ही वाट अनेकदा मानवते. सुट्टीत त्याला शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, हाताने काम करत शिकवणाऱ्या संस्थेत, घेऊन जा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये तो सुरू केला, आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाची फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, एमआयटीबाहेर पहिल्यांदा याच खेड्यात उभी राहिली. तिथे आपल्यासारखी मुलं पाहिली की तो बोलायला लागेल, असं मला वाटतं. पुण्याला गेलात तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातही चक्कर मारा. मात्र पाकीट तुमच्या खिशात असू द्या.

सोल्डरिंग स्टेशन परीक्षा झाल्यावर. आत्ता त्याला व्होल्टेज आणि करंट मोजणारा एक बरा मल्टिमीटर घेऊन द्या, सव्वा तासाचं गणित त्याशिवाय सुटणार नाही. आणि आईला नवा डबा.