भारत आणि जपान : माध्यमिक शाळांतील पुरुष शिक्षकांची तुलना कशी करावी?

माध्यमिक शाळांत पुरुष शिक्षक भारतात जास्त आहेत की जपानमध्ये, आणि त्या आकड्यांवरून काही निष्कर्ष काढता येतो का, असे आपण विचारले आहे. नुसती संख्या पाहिली तर भारत कितीतरी पुढे आहे. मात्र ‘माध्यमिक’ म्हणजे नेमक्या कोणत्या इयत्ता, हे ठरवल्याशिवाय त्या संख्येला फारसा अर्थ उरत नाही.

भारताच्या यू-डायस प्लस या शासकीय नोंदणीनुसार २०१९-२० मध्ये माध्यमिक स्तरावर, म्हणजे नववी-दहावीला, सुमारे ६.३ लाख पुरुष शिक्षक होते. त्यात उच्च माध्यमिकचे ३.७ लाख मिळवले की बेरीज १० लाखांवर जाते. युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मात्र आपली सहावी ते आठवीही माध्यमिकातच मोडते आणि त्या स्तरावरचे ११.५ लाख धरले की तोच आकडा साडेएकवीस लाख होतो. एकाच देशाचा, एकाच वर्षाचा आकडा केवळ व्याख्येमुळे तिपटीहून अधिक वाढतो! महाराष्ट्रात तर आठवी ते दहावी म्हणजे माध्यमिक अशी जुनी रूढी आहे आणि पाचवी ते दहावीच्या शाळेत एकच शिक्षक सातवीला गणित व नववीला विज्ञान शिकवताना सर्रास दिसतो, त्यामुळे त्याला कोणत्या स्तरावर मोजायचे हा प्रश्नही खराच आहे.

जपानमध्ये युद्धोत्तर काळापासून सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक आणि तीन वर्षे उच्च माध्यमिक अशी रचना आहे. तेथील शिक्षण मंत्रालय दरवर्षी १ मे ही तारीख धरून शाळांची पाहणी करते. २०१९ मध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळांत सुमारे २ लाख ४७ हजार आणि उच्च माध्यमिक शाळांत सुमारे २ लाख ३१ हजार पूर्णवेळ शिक्षक होते. पहिल्या गटात महिलांचे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास, तर दुसऱ्यात जेमतेम ३२ टक्के होते. म्हणजे दोन्ही मिळून पुरुष सुमारे २ लाख ९५ हजार. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांसारखे जे अर्धवेळ शिक्षक तिथे असतात, ते या आकड्यांत धरलेले नाहीत, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे.

आता भारतात सहावी ते बारावी आणि जपानमध्ये कनिष्ठ व उच्च माध्यमिक, म्हणजे सातवी ते बारावी, ही व्याप्ती धरून प्रमाण काढले, तर भारतात पुरुष शिक्षक सुमारे ५४ टक्के आणि जपानमध्ये सुमारे ६२ टक्के येतात, म्हणजे क्रम उलटतो. विद्यार्थिसंख्येशी ताडून पाहिल्यास फरक आणखी ठळक होतो : जपानमध्ये दर हजार विद्यार्थ्यांमागे साधारण ४६ पुरुष शिक्षक, तर भारतात १६ ते १७. अर्थात, या शेवटच्या तफावतीचा पुरुष-स्त्री प्रमाणाशी संबंध थोडाच आहे. आपल्याकडे एकूण शिक्षकच विद्यार्थ्यांच्या मानाने कमी आहेत, हे तिचे मुख्य कारण आहे आणि मला हीच बाब सर्वाधिक चिंतेची वाटते.

जपानमधील पुरुषांचे हे आधिक्य मात्र इतर बहुतेक विकसित देशांपेक्षा वेगळे आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत सहभागी देशांत कनिष्ठ माध्यमिक स्तरावर सरासरी ६८ टक्के शिक्षक महिला होत्या, जपानमध्ये फक्त ४२ टक्के. त्याच पाहणीत जपानी शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा आढळला, तर सरासरी ३८ तासांची होती. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशीही चालणाऱ्या खेळांच्या व कलांच्या मंडळांची जबाबदारी तिथे तेव्हा मुख्यतः शिक्षकांवरच होती. घरचा भार बव्हंशी स्त्रियांवर असलेल्या समाजात इतके तास देणे त्यांना किती अवघड जात असेल, याचा विचार या आकड्यांबरोबर व्हायलाच हवा.

भारतात असे एकच एक चित्र नाही. केरळमध्ये शिक्षिकांची संख्या शिक्षकांहून पुष्कळ अधिक आहे, तर बिहारमध्ये पुरुष अधिक आहेत. म्हणून अशी तुलना करताना राज्यवार आकडे घ्यावेत, आणि २०२२-२३ पासून यू-डायसची माहिती गोळा करण्याची पद्धत बदलल्यामुळे त्याआधीची व नंतरची वर्षे एका रांगेत मांडू नयेत.